चुलीवरचा चिखल

माझा भाचा वोनियाला अंगणात, सगळ्या गावासमोर उभा राहून सुंता करून घेणार म्हणाला, तेव्हा मी बांबूचे कोंब शेंगदाण्याच्या कुटात ढवळत होते. डाव हातातच राहिला. कोंब खाली लागले, करपले, तरी मला वास आला नाही. माझा धाकटा भाऊ मागोंबे, म्हणजे वोनियालाचा बाप, खुर्चीतून उठला आणि पोराने निवडणूक जिंकल्यासारखी त्याची पाठ थोपटायला लागला. त्या दोघांनाही डावाने बडवावं असं मला वाटलं.

वोनियालाला सिकलसेल आहे, रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकायचं दुखणं. तान्हा असताना त्याच्या हातापायांची बोटं टम्म सुजली, तेव्हापासून आम्हाला ते ठाऊक आहे. त्याच्या आधीची एक मुलगी अशीच सुजून गेली होती. तिला काय झालं होतं हे कोणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून याला घेऊन याची आई थेट खाली म्बाले शहरातल्या मोठ्या दवाखान्यात धावली. पुढे ती बाळंतपणात गेली, आणि नवऱ्याशी भांडून माहेरी आलेली मी आयतीच दोन पोरांची आई झाले. एक हा वोनियाला, आणि दुसरा त्याच्याहून मोठा कुलोबा.

वोनियालाचं दुखणं उठलं की सगळा डोंगर जागा व्हायचा. लाजबिज काही नाही, पोरगं गळा काढून ओरडायचं. शेजारपाजारचे धावत यायचे, मी पाणी तापवून त्याचे सांधे शेकायची, मागोंबे त्याला पाठुंगळी घेऊन सडकेपर्यंत पळायचा. दवाखान्यातून परत आल्यावर मागोंबे दारात फतकल मारून बसायचा, आणि बागेतून केळ्यांचा घड खांद्यावर टाकून येणाऱ्या कुलोबाकडे बघून म्हणायचा, "एक तरी धड आहे, देवाची कृपा." मीही मान डोलवायची. त्यात वावगं काय होतं?

वोनियालाने मात्र मोठा झाल्यावर स्वतःचं आयुष्य छान बसवून घेतलं. कुदळ आपल्याला झेपणार नाही हे ओळखून तो मोबाइल दुरुस्ती शिकला आणि बाजारात टपरी टाकली. गळ्यात पाण्याची बाटली, भर दुपारी अंगात स्वेटर. मित्र ओढ्यात उड्या मारायचे तेव्हा हा काठावर बसून त्यांचे कपडे राखायचा आणि त्यांना नावं ठेवायचा. नाचणीच्या बिअरला त्याने कधी तोंड लावलं नाही. मच्छरदाणी आणि रोजची गोळी मला कधी आठवून द्यावी लागली नाही. "माझ्या रक्तात विळे आहेत, आत्या. भिजवून ठेवले की कापत नाहीत," म्हणायचा. एक पोरगी त्याच्या टपरीभोवती घोटाळायला लागली, तर पहिल्याच दिवशी हा तिला म्हणाला, आधी रक्त तपासून ये, तुझ्यातही विळे नाहीत ना बघू, मग चहा पाजतो. ती तणतणत गेली. पुढच्या आठवड्यात तपासून परत आली.

असा शहाणा पोरगा. त्यामुळे तो मुकाट्याने दवाखान्यात झोपून सुंता करून घेईल, असं मी धरूनच चालले होते. आमच्यात ती टाळता येत नाही. न कापलेला बाप्या साठीचा झाला तरी पोरगाच राहतो, त्याला जमिनीचा तुकडा मिळत नाही, आणि मेला तर कापून मगच पुरतात. पण दवाखान्यात कापलेल्याला लोक अर्धाच पुरुष धरतात. खरा तो, जो दिवसचे दिवस नाचून, अंगाला चिखल फासून अंगणात उभा राहतो आणि सुरी फिरताना पापणी हलवत नाही. त्याला आम्ही इम्बालू म्हणतो.

मी खूप बोलले त्याला. तू मरशील, आणि नाही मेलास तर मी मारीन, इथपर्यंत बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आत्या, जन्मभर नको नको म्हणत आलो," तो म्हणाला. "ओढ्यात नको, थंडीत नको, पळू नको. ही एक गोष्ट मला हवी आहे. आणि दुखण्याचं तू मला नको शिकवू."

मी पुन्हा चुलीकडे वळले.

तो स्वतः दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारून आला. त्या म्हणाल्या, सुरीची मला तेवढी भीती नाही. भीती आहे ती आधीच्या नाचण्याची, उन्हाची, तहानेची, आणि त्या पहाटेच्या गार चिखलाची. अंगणातच करायचं असेल तर यातलं एकेक सांभाळ. मग याने आपले नियम केले. चढावर पायी जाणार नाही, बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर बसेन. थोडं नाचेन, सावलीत बसेन, पाणी पीत राहीन. हे ऐकून गाणी म्हणणारा म्हातारा उखडला. मोटारसायकलवर बसून नाचणाऱ्याची गाणी आपल्या बापजाद्यांनी रचलेली नाहीत, म्हणाला. ते भांडण कुलोबाने एका वाक्यात मिटवलं. "त्याच्या वाटचं मी नाचतो."

कुलोबा असाच. बोलणं कमी, काम फार. खरं तर त्याची पाळी मागच्याच खेपेला होती, पण धाकट्याबरोबरच उभा राहीन म्हणून तो थांबला. गावाने तेव्हा त्याचं केवढं कौतुक केलं. कॉफीची पोती त्यानेच वाहायची, लाकडं त्यानेच फोडायची. मधूनच मात्र तो वरच्या कांद्याच्या शेतातल्या खोपटात जाऊन राहायचा, राखणीला म्हणून. तीन-चार दिवसांनी तोंड ओढलेलं, डोळे पिवळसर असा खाली उतरायचा. डोळ्यांसाठी मी त्याला कडू पाल्याचा काढा पाजायची, कारण मलेरिया आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो. आणि खोपटासाठी त्याला चिडवायची. कोण आहे रे वर, म्हणायची. तिला खाली तरी आण, तुझा जीव चाललाय तो. तो गालात हसायचा आणि पोतं उचलून चालू लागायचा.

नाचायचे दिवस आले. दोघांच्या मांड्यांना घुंगरं बांधली, अंगाला नाचणीच्या आंबवणाचा लगदा फासला, आणि ढोलामागे सगळा गाव नातेवाइकांच्या दारोदार निघाला. मी वोनियालाच्या मागे सावलीसारखी. पाणी पी. बस. स्वेटर घाल. पोरं माझी नक्कल करायची, कोणी नाचताना थांबलं की माझ्या आवाजात "पाणी पी" ओरडायची. मी लक्ष दिलं नाही. लोकांनी मला वेडी म्हटलेलं चाललं असतं, पोरगं हातचं जाऊन चाललं नसतं.

कुलोबाकडे बघायला मला वेळ नव्हता, आणि त्याच्याकडे बघायला सगळा गाव होता. चढावर तो ढोलाच्याही पुढे. मोटारसायकल चिखलात रुतली तेव्हा त्याने भावाला खांद्यावर घेतलं आणि तसाच नाचत वर गेला. बायका ओरडत होत्या, बैल आहे बैल. लोक देतील ती बिअर तो पीत होता, कारण वोनियालाच्या वाटची नाकारायची तर मोठ्या भावाने दुप्पट प्यायला हवी, असं त्या म्हाताऱ्याने ठरवून टाकलं होतं. पाणी त्याने कुठे मागितल्याचं मला आठवत नाही.

शेवटच्या दिवशीची पहाट अशी गार होती की श्वासाची वाफ दिसत होती. पोरांना दलदलीवर नेऊन गार चिखल फासायचा असतो. मी आदल्या संध्याकाळीच तिथला चिखल टोपात भरून आणला होता, तो चुलीवर ठेवला आणि सोसवेल इतका तापवला. शेजारणी हसून हसून लोळल्या. काकाई, चिखलाची भाजी केलीस, मीठ घातलंस का गं, मला म्हणाल्या. मी टोप डोक्यावर घेऊन दलदलीवर गेले आणि वोनियालाच्या अंगाला माझ्या हाताने गरम चिखल फासला. शेजारी कुलोबा उघडा उभा होता आणि त्याच्या अंगावर गार चिखलाचे गोळे पडत होते. टोपात थोडा उरला होता. मी त्याला विचारलं, तुला हवा का रे?

"मला कशाला, आत्या?" तो म्हणाला. "मी धड आहे."

मी उरलेला चिखल वोनियालाच्या पाठीला लावला.

आमच्या घरची रीत अशी की आईच्या जागी असलेल्या बाईने त्या वेळी घरात खांबाला धरून बसायचं, हलायचं नाही. मी खांब धरला आणि दाराच्या फटीला डोळा लावला. आधी मोठा. कुलोबा काठी मानेमागे आडवी धरून उभा राहिला. कापणारा वाकला. कुलोबाची पापणी हलली नाही, ओठ हलला नाही, मांडीवरचा चिखलसुद्धा तडकला नाही. कापून झाल्याची शिट्टी वाजली आणि अंगणात असा गलका झाला की कोंबड्या छपरावर चढल्या. असा पोरगा बघितला नाही, असं म्हातारे एकमेकांच्या कानात ओरडत होते. शिट्टीनंतर खाली अंथरलेल्या पोत्यावर बसायचं असतं. कुलोबा बसला नाही. काठी धरून तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं, गडी अजून मागतोय. त्याचं नाव घेऊन ढोल बडवायला लागले.

मग वोनियाला. मी खांबाला असं कवटाळलं की हाताला लाकडाचे काटे घुसले. त्याचे डोळे समोर केळीच्या शेंड्यावर, श्वास सावकाश, दुखणं आलं की दवाखान्यात घ्यायला शिकवलाय तसा. शिट्टी वाजली. तो आपल्या पायांनी पोत्यावर बसला, अंगाभोवती कापड ओढून घेतलं आणि भर अंगणात पाणी प्यायला. मागोंबे रडत होता, नाचत होता. मी रीतभात सोडून बाहेर धावले आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवला. जिंकलो आपण, असं मी त्याला म्हणत होते.

त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो भावाकडे बघत होता.

"दादाला झोपवा," तो म्हणाला. "त्याला बसता येत नाहीये."

मी म्हटलं, अरे, तो मर्दानगी दाखवतोय. लोक बघ कसे ओरडताहेत.

"आत्या, त्याचा श्वास बघ. अर्ध्यावर तुटतोय. खुबे धरलेत त्याचे. मला माहीत आहे ते कसं असतं." मग तो हळू आवाजात म्हणाला, "जे मला आहे, तेच त्याला आहे."

मी हसले. खरंच हसले, तोंडातून दुसरं काही निघालंच नाही. वोनियाला मात्र उठला. ताजी जखम, मांड्यांवरून रक्त, तसा चालत गेला आणि भावाच्या काखेत खांदा घातला. कुलोबाने काठी सोडली, आणि तो डोंगराएवढा गडी धाकट्याच्या अंगावर असा कोसळला की दोघेही चिखलात पडले. ढोल वाजवणाऱ्यांच्या ते लक्षातच आलं नाही. ते वाजवत राहिले.

पिकअपच्या मागच्या बाजूला कुलोबाचं डोकं मांडीवर घेऊन मी म्बालेला गेले. त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मागोंबे सारखा म्हणत होता की सुरी चुकली, रक्त फार गेलं, कापणाऱ्याला मी बघून घेईन. वोनियाला भावाच्या गुडघ्यांवर आपलं स्वेटर पांघरत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई धावत आल्या त्या वोनियालाकडे, कारण त्या त्यालाच ओळखत होत्या. त्याने त्यांचा हात धरून कुलोबाकडे वळवला. बाईंनी त्याच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, छाती ऐकली, पोटाला हात लावला. मग आमच्याकडे न बघता विचारलं, हे डोळे किती वर्षं पिवळे आहेत?

मागोंबे म्हणाला, त्याला मलेरिया होतो मधून मधून. बाई कामाला लागल्या. नाकाला प्राणवायू लावला, हाताला सलाइन लावलं, रक्त चढवायची धावपळ सुरू केली. बोटाचं रक्त तपासून आलं तेव्हा त्या आम्हाला बाहेर घेऊन गेल्या. दोन्ही मुलांना सिकलसेल आहे, म्हणाल्या. काहींना जरा सौम्य असतो, अंगापिंडाने चांगली वाढतात, म्हणून घरच्यांना कळत नाही. पण सौम्य म्हणजे दुखत नाही असं नव्हे. या वयापर्यंत याला खूपदा दुखलं असणार. आता विळे छातीत अडकलेत, जिवावरचं आहे, बघू.

 मला शब्द कळत होते आणि काहीच कळत नव्हतं. मागोंबे त्यांना समजावून सांगायला लागला, एखाद्या दुकानदाराला चुकीचा माल दिल्याचं सांगावं तसा. बाई, तुमची काहीतरी गफलत झाली. आजारी तो धाकटा. हा धड आहे. हा आमचा धड आहे. असं तो तीन-तीनदा म्हणाला. बाई ऐकत उभ्या होत्या. मग तो भिंतीला टेकून खाली बसला, तोंड उघडं ठेवून.

ते खोपटं. कांद्याच्या शेतातलं ते खोपटं माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि मी तिथे कल्पनेने बसवलेली ती पोरगी. 

रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या ओठांचा रंग जरा माणसासारखा झाला, तरी बाई धोका टळला असं म्हणायला तयार नव्हत्या. मी कॉटच्या एका अंगाला, वोनियाला दुसऱ्या अंगाला. मागोंबे आत येत नव्हता, दाराशी उभा होता. मला राहवलं नाही. मी कुलोबाला विचारलं, बोलला का नाहीस रे मेल्या, एकदा तरी?

त्याने नाकावरची नळी बाजूला केली.

"एक तरी धड आहे म्हणायचे बाबा," तो म्हणाला. "मी सांगितलं असतं तर काय म्हणाले असते?"

दाराशी मागोंबेने हात तोंडावर घेतला. मी मान फिरवली, मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि स्वतःकडे बघण्याची सोय नव्हती. अशा वेळी माणूस चादरीच्या सुरकुत्या नीट करतो, तशा मी करत बसले.

कधीपासून, हे वोनियालाने विचारलं. कुलोबाला आठवत नव्हतं, इतकं लहानपणापासून. आई असताना गार वाऱ्यात पाय दुखायचे, तर आई तेल चोळायची आणि वाढीचं दुखणं म्हणायची. पुढे धाकट्याचं बघून बघून आपल्याला काय आहे ते त्याला कळलं. वर जाऊन तो गोणपाटात अंग गुंडाळून पडायचा. गोणपाट चावायचा. अंगणात उभं राहणं त्यामानाने काहीच नव्हतं, म्हणाला, तिथे निदान लवकर संपतं.

मी रडत होते. वोनियाला रडत नव्हता. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या भाषेत बोलत होतं, आणि तो माणूस त्याच्याच घरात, शेजारच्या चटईवर झोपत होता.

दुपार कलली तशी कळ पुन्हा उठली. आम्हाला दिसली, कारण आता आम्ही बघत होतो. कुलोबाच्या मानेच्या शिरा ताणल्या, पायाचे अंगठे वळले, आणि चेहरा अंगणात होता तसाच दगडाचा. नर्स औषध आणायला गेली.

"तू ओरडायचास ना," तो धाकट्याला म्हणाला. एकेका शब्दाला श्वास पुरत नव्हता. "ओरडल्यावर दुखणं कमी होतं का?"

"नाही, दादा," वोनियाला म्हणाला. "पण माणसं येतात."

कुलोबाने आमच्याकडे पाहिलं. शेजारच्या कॉटवर आमच्याच डोंगराकडची माणसं होती. त्यांनी त्याच्या अंगावरचा वाळलेला चिखल पाहिला होता. हा कालच पुरुष झाला आहे, हे त्यांना ठाऊक होतं. असा पुरुष कण्हला तरी त्याच्या कुळाचं नाव जातं. त्याने डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि ओरडला. इतक्या वर्षांचं साठलेलं ते ओरडणं होतं, सगळ्या वॉर्डाच्या माना वळल्या. 

मागोंबे दारातून धावत आला.